कीटकांच्या ड्रॉवरला फोम बसवताना: पांढरा गम की सोल्यूशन?

कीटकांचा संग्रह करणारे पिनेवरचे कीटक रोवता यावेत म्हणून ड्रॉवरच्या तळाला फोम चिकटवतात. ‘फोमला गम चिकटतच नाही’ ही त्यांची तक्रार इतक्यांदा ऐकली आहे, की आता मी लगेच दोन प्रश्न विचारतो. कुठला गम लावलास? आणि लावल्यावर फोम कधी ठेवलास? पहिल्याचं उत्तर तयार असतं. दुसऱ्याला लोक अडखळतात, आणि सगळी गोम तिथेच असते.

पांढरा गम म्हणजे सुतारकामातला, पाण्यात कालवलेला पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. शाळेपासून हाताळलेला, त्याची वेगळी ओळख नको. सोल्यूशन म्हणजे चपलांचे तळ चिकटवतात ते पिवळट, उग्र वासाचं प्रकरण: टोल्युइनसारख्या द्रावकात विरघळवलेलं कृत्रिम रबर. रंग आणि वास यांतला फरक कुणालाही कळतो.

कळत नाही तो एवढाच: पांढरा गम जोडल्यानंतर वाळतो, सोल्यूशन जोडण्याआधी वाळवायचं असतं.

पांढऱ्या गमातलं पाणी निघून गेलं तरच तो धरतो. त्या पाण्याला जायला वाट लागते. दोन लाकडं जोडताना ते लाकडात मुरतं, म्हणून ही अडचण कधी जाणवत नाही. आता ड्रॉवर डोळ्यांसमोर आणा. वर पॉलिइथिलीनचा फोम, म्हणजे लाखो बंद बुडबुडे. त्यातून पाणी जवळजवळ हलत नाही. खाली रंगवलेला, नाहीतर पॉलिश केलेला तळ. मध्ये गमाचा थर. पाणी जाणार कुठे? कडेनं, तेही कूर्मगतीनं. मी एकदा असा ड्रॉवर तीन आठवड्यांनी उघडून पाहिला होता. कडेला दोन बोटं गम पारदर्शक होऊन घट्ट झालेला, आणि आत सगळा पांढराशुभ्र, दह्यासारखा. त्याच दिवशी एक पिन उपसताना फोम मधोमध फुगून वर आला आणि शेजारच्या फुलपाखराची एक मिशी गेली. गमाचा दोष शून्य. मीच त्याला कोंडून ठेवला होता.

सोल्यूशनचं गणित नेमकं उलटं. फोम आणि तळ या दोन्हींना पातळ हात द्यायचा आणि गप्प बसायचं. द्रावक उडून गेलं, बोट लावलं तर चिकटल्यासारखं वाटतं पण बोटावर काही येत नाही, अशा वेळी दोन्ही एकमेकांवर टेकवायचे. तेव्हा रबराला रबर धरतं, आणि तेही क्षणात. तिरकं टेकलं तर सरकवता येत नाही. म्हणून मध्ये कागद घालायचा, एका कडेनं सुरुवात करायची आणि कागद हळूहळू ओढत दाबत जायचं. लोक मात्र हे गमासारखं वापरतात: एकाच बाजूला लावलं आणि ओल्यावरच फोम ठेवला. मग द्रावक आत अडकतं, ड्रॉवरला महिनोन्महिने वास येतो आणि फोम सुटायचा तो सुटतोच. याच्या उलट करणारेही भेटतात. पांढरा गम ‘जरा वाळू दे’ म्हणून ठेवतात आणि साय धरल्यावर फोम बसवतात.

तेव्हा ‘कुठला गम चांगला’ हा प्रश्नच अपुरा आहे. आधी तळ बघा. लाकूड कोरं असेल, बूच किंवा जाड पुठ्ठा असेल, तर पांढरा गम. तो पातळ लावायचा, वर सपाट वजन ठेवायचं आणि निदान एक रात्र हात लावायचा नाही. तळ पत्र्याचा किंवा रंगवलेला असेल तर सोल्यूशन. आणि नंतर वास पूर्ण जाईपर्यंत ड्रॉवर उघडा ठेवायचा, त्याआधी आत एकही कीटक नको. फोम मात्र दोन्ही वेळा खरवडून घ्यावा. पॉलिइथिलीनवर पाण्याचा थेंब टाकून बघा, मोत्यासारखा उभा राहतो, पसरत नाही. गुळगुळीत सालीवर गमाचीही तीच गत. पॉलिश पेपर फिरवला की वरचे बुडबुडे फुटतात आणि धरायला जागा होते.

थर्माकोल असेल तर सोल्यूशनचा विचारही नको, ते त्याला खाऊन खड्डे पाडतं. खरं तर थर्माकोलच नको. डांबरगोळ्यांच्या वाफेनंही तो मऊ पडून बसतो. पिठाची खळ म्हणजे कसरीला आमंत्रण. दुहेरी टेप वर्षांनी पाझरतो. गरम गमाची बंदूक चालते, पण टोक फार तापलेलं असेल तर फोम वितळतो.

राहता राहिला टिकाऊपणा. पांढरा गम जुना होताना थोडं ॲसेटिक आम्ल सोडतो. निओप्रीन या कृत्रिम रबराचं सोल्यूशन पिवळं पडतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटू शकतं. बंद ड्रॉवरमध्ये दोन्ही नकोशी. संग्रहालयं म्हणूनच साहित्य आधी पारखून घेतात. 1973 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडींनी सुचवलेल्या चाचणीत चांदी, शिसं आणि तांब्याचे तुकडे त्या साहित्याबरोबर दमट हवेत बंद करून 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवतात आणि धातू काळवंडतो का ते बघतात. मात्र जुन्या पितळी पिनांवरच्या हिरव्या बुरशीसारख्या थराचं खापर गमावर फोडू नका. ते पितळेतलं तांबं आणि कीटकाच्या अंगातली चरबी यांचं काम.

माझा कल विचाराल तर मुळात कमीत कमी गमाकडे. फोम कधीतरी बदलावा लागणारच, आणि अखंड थर दिलेला फोम खरवडून काढणं ही शिक्षा आहे. त्यातून वाळलेल्या गमाच्या कडक थरावर बारीक पिनेचं टोक वाकतं ते वेगळंच. म्हणून चारी कडांना एक पट्टी आणि मध्ये तीन-चार ओळी, बस्स. कडा मात्र सोडायच्या नाहीत, कारण फोम आणि भिंतीमधली फट ही संग्रह पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्यांची आवडती जागा. सुट्या छोट्या ट्रे असतील तर मी गमाची बाटली उघडतही नाही. फोम मिलिमीटरभर मोठा कापतो आणि दाबून बसवतो.