मॅच झाल्यावर व्हिसाची धावपळ: आधी नाव तपासा

मार्चमध्ये मॅचचा, म्हणजे अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या (डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) जागावाटपाचा निकाल लागला की आमच्या व्हिसा सल्ला कार्यालयाचा फोन थांबत नाही. "सर, 1 जुलैला जॉइन व्हायचंय, व्हिसा मुलाखतीची लवकरची तारीख काढून द्या ना." तारीख कॉन्सुलेट देते, आम्ही नाही. कुणी "आतून" काढून देतो म्हणाला, तर त्याच्यापासून लांब राहा.

अमेरिकेला डॉक्टर हवेत, हे खरे. 2036 पर्यंत 86,000 पर्यंत डॉक्टर कमी पडतील, असा तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेचा अंदाज आहे. 2025 मध्ये मेअखेर थांबवलेल्या मुलाखतींच्या तारखा 18 जूनला पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा जे-1 व्हिसावर (प्रशिक्षणासाठीच्या देवाणघेवाण व्हिसावर) जाणाऱ्या डॉक्टरांना प्राधान्य द्यायलाही सांगितले गेले. पण कागदांत घोळ असेल, तर प्राधान्याचा काय उपयोग?

आणि घोळ बहुतेक वेळा नावातच असतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी असते, कधी गाळलेले. लग्न झालेल्या मॅडमच्या डिग्रीवर माहेरचे आडनाव, पासपोर्टवर सासरचे. इथे प्रतिज्ञापत्रावर निभावते. ईसीएफएमजीची (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्थेची) नोंद, डीएस-2019 (जे-1 साठीचे पात्रता प्रमाणपत्र) आणि डीएस-160 (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) मात्र पासपोर्टशी जुळायलाच हवेत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असला, तर व्हिसावर तुमचे नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी "एफएनयू" (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापून येते! हे सगळे डीएस-2019 हाती आल्यावर लक्षात आले, तर पासपोर्ट दुरुस्तीला वेळ उरत नाही.

म्हणून पासपोर्ट, डिग्री, कौन्सिलचे रजिस्ट्रेशन आणि ईसीएफएमजीच्या खात्यातले नाव शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय आम्ही फाइल उघडत नाही. "फार चिकित्सा करता" असे ऐकून घेतो, पण हा नियम कुणासाठी मोडत नाही.

जे-1 व्हिसासाठी लागणाऱ्या, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या "स्टेटमेंट ऑफ नीड" या पत्रातला विषय मॅचमधल्या विषयाशी ताडून पाहा. घरच्यांनी घाईत अर्ज भरला की इथेही चूक होते. सोशल मीडियाची खाती मुलाखतीआधी सार्वजनिक करून ठेवा. आणि तातडीची तारीख मागायची तर आधी साधी तारीख घेतलेली असावी लागते, तेव्हा ऑगस्टची मिळाली तरी नाक न मुरडता घ्या.

नावांची पहिली तपासणी आम्ही मोफत करतो, मग पुढचे काम आमच्याकडे द्या वा न द्या. अमेरिकेच्या परवाना परीक्षेची नोंदणी करतानाच आलात तर उत्तम. मूळ कागद आणा. व्हॉट्सॲपवरच्या अंधुक फोटोंत स्पेलिंग दिसत नाही.