स्वादुपिंड स्वतःलाच का पचवत नाही?

पित्ताशयातले खडे एका रात्रीत पाडण्याचा एक उपाय गेली अनेक वर्षे मोबाइलवरून फिरत आहे. काही दिवस सफरचंदाचा रस प्यायचा, मग एका संध्याकाळी एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट घ्यायचे आणि रात्री ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस एकत्र करून पिऊन झोपायचे. सकाळी शौचावाटे हिरवट, मऊ ‘खडे’ बाहेर पडतात, असा त्यात दावा असतो. काहीतरी बाहेर पडते हे खरे आहे. न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी अशाच एका रुग्ण स्त्रीचे ‘खडे’ तपासून त्यांचा अहवाल २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हते, बिलिरुबिन हे पित्तातले पिवळे रंगद्रव्य नव्हते, कॅल्शियमही नव्हते. सुमारे ७५ टक्के भाग मेदाम्लांचा होता आणि ४० अंश सेल्सियसला ते वितळत होते. थोडक्यात, प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झाला होता आणि खरे खडे पित्ताशयात होते तिथेच होते.

ते जागचे हलले नाहीत हे त्या बाईंचे भाग्यच म्हणायला हवे. खडा सुटून पुढे सरकला की त्रास संपला, असे या उपायात गृहीत धरलेले असते. पण पित्ताशयातून सुटलेला बारीक खडा शेजारच्या स्वादुपिंडाला अशा संकटात टाकू शकतो की माणसाला थेट अतिदक्षता विभागात न्यावे लागते. असे का होते हे समजून घ्यायचे तर पचनसंस्थेच्या साहाय्यक ग्रंथींची रचना पाहावी लागते.

तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या नळीतून अन्न जाते. लाळग्रंथी, यकृत आणि स्वादुपिंड या तिन्ही ग्रंथी त्या नळीच्या बाहेर आहेत. अन्नाचा कण त्यांच्यात कधीच शिरत नाही. त्यांचा स्राव मात्र नलिकांवाटे नळीत उतरतो. लाळग्रंथींच्या मोठ्या जोड्या तीन: कानापुढची, खालच्या जबड्याखालची आणि जिभेखालची. कानापुढच्या ग्रंथीची नलिका गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. दिवसभरात एक ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यातले अमायलेज भाकरीतल्या पिष्टमय पदार्थाचे विघटन तोंडातच सुरू करते. याविषयी शाळेत पुरेसे शिकवले जाते, म्हणून इथे त्यावर अधिक लिहीत नाही.

यकृताचे वजन साधारण दीड किलो असते. त्याच्या असंख्य कामांपैकी पचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम म्हणजे पित्तरस तयार करणे. हा रस दिवसाला सुमारे ६०० ते १००० मिलिलिटर तयार होतो, पण गंमत अशी की त्यात अन्न पचवणारे एकही विकर, म्हणजे एन्झाइम, नसते. पित्तरसातले क्षार तेला-तुपाच्या मोठ्या थेंबांचे अतिसूक्ष्म थेंब करतात, त्यामुळे मेद पचवणाऱ्या विकराला काम करण्यासाठी भरपूर पृष्ठभाग मिळतो. हे काम झाल्यावर सुमारे ९५ टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाऊन रक्तावाटे यकृताकडे परततात आणि पुन्हा वापरले जातात. पित्ताशय ही केवळ साठवणीची पिशवी आहे. ती ३० ते ५० मिलिलिटरची असली तरी आतल्या रसातले पाणी शोषून त्याला बराच दाट करते, आणि रसाच्या घटकांचे प्रमाण बिघडले असेल तर याच दाटपणात कोलेस्टेरॉलचे स्फटिक साचून खडे तयार होतात.

पित्तनलिका यकृताकडून खाली येते, स्वादुपिंडाच्या शीर्षभागातून वाट काढते आणि लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, उघडते. स्वादुपिंडाची मुख्य नलिकाही तिथेच येते. बहुतेक माणसांत या दोन नलिका अगदी अखेरीस एकत्र येऊन एकाच लहानशा उंचवट्यावर उघडतात. त्या तोंडाभोवती स्नायूंचे एक कडे असते. १८८७ साली रुग्गेरो ओड्डी या इटालियन विद्यार्थ्याने त्याचा सविस्तर अभ्यास केला, म्हणून त्याला ओड्डीचे नाव मिळाले. यकृत आणि स्वादुपिंड या दोन मोठ्या ग्रंथींचा स्राव शेवटी काही मिलिमीटरच्या या एकाच दारातून जातो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता स्वादुपिंडाकडे वळू. जठराच्या मागे आडवा पसरलेला, १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा आणि साधारण शंभर ग्रॅम वजनाचा हा मऊ अवयव आहे. त्यात इन्सुलिन तयार करणारी बेटे विखुरलेली असतात. पाउल लांगरहान्स या विद्यार्थ्याने १८६९ साली बर्लिनमधील आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले, आणि मधुमेहामुळे सर्वसामान्य वाचकाला स्वादुपिंडाचे नाव या बेटांपुरतेच ठाऊक असते. प्रत्यक्षात ती बेटे अवयवाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. उरलेला बहुतेक भाग पचनाच्या रसासाठी राबतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पेशींचे गोल पुंजके दिसतात. प्रत्येक पुंजक्याच्या मधोमध एक बारीक पोकळी असते आणि तिथून सुरू होणाऱ्या नलिका एकमेकींना मिळत मुख्य नलिकेपर्यंत जातात. पुंजक्यातल्या पेशी विकरे तयार करतात, तर नलिकांच्या अस्तरातल्या पेशी बायकार्बोनेटयुक्त अल्कधर्मी पाणी सोडतात. जठरातून आलेल्या आम्लाचे उदासिनीकरण या पाण्यामुळे होते. आम्ल आतड्यात पोहोचल्याची वर्दी स्वादुपिंडाला मज्जातंतूंवाटे मिळत असावी, अशी समजूत होती. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ साली दाखवून दिले की आतड्याचे अस्तर ‘सिक्रिटिन’ हे रसायन रक्तात सोडते आणि रक्तावाटे तो निरोप पोहोचतो. शरीरातल्या संप्रेरकांची कल्पना याच प्रयोगातून उभी राहिली.

माझ्या मते या अवयवाविषयीचा सर्वांत सुंदर प्रश्न मात्र याहून साधा आहे. मटणाचा तुकडा काही तासांत विरघळवणारी विकरे ज्या पेशींत तयार होतात, त्या पेशी स्वतःही प्रथिने आणि मेद यांच्याच बनलेल्या आहेत. मग त्या स्वतः का विरघळत नाहीत?

याचे पहिले उत्तर असे की ही विकरे निष्क्रिय रूपात तयार होतात. ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे मुख्य विकर पेशीत ट्रिप्सिनोजेन या रूपात असते. अमिनो आम्लांच्या लांब साखळीच्या सुरुवातीला आठ अमिनो आम्लांचे एक जादा शेपूट असते आणि ते जागेवर असेपर्यंत रेणूचा कार्यकारी भाग नीट आकार घेत नाही. शेपूट तुटले की साखळीचे नवे टोक मोकळे होते. त्यावरचे आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल आत वळते, रेणूच्या पोटातल्या एका ॲस्पार्टिक आम्लाशी विद्युत आकर्षणाने जोडले जाते, आणि त्या एका ओढीने आतापर्यंत सैल असलेला भाग घट्ट बसून प्रथिने तोडणारी खाच तयार होते. म्हणजे रेणूला काही नवे जोडावे लागत नाही, केवळ एक तुकडा काढावा लागतो.

तो तुकडा काढणारे एन्टेरोकायनेज हे विकर स्वादुपिंडात नसतेच. ते आद्यांत्राच्या अस्तरातल्या पेशींवर घट्ट रोवलेले असते. कुलूप एका घरात आणि किल्ली शेजारच्या घरात, अशी ही व्यवस्था आहे. सेंट पीटर्सबर्गला पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत शेपोवालनिकोव्ह यांनी १८९९ साली या विकराचा शोध लावला आणि पाव्हलोव्ह यांनी त्याला ‘विकरांचे विकर’ म्हटले. त्याच्या अभावी काय होते हेही ठाऊक आहे: जन्मतःच एन्टेरोकायनेज नसलेल्या बाळांचे पहिले वर्णन १९६९ साली झाले. त्यांचे स्वादुपिंड उत्तम असते, रसात ट्रिप्सिनोजेनही असते, तरी प्रथिने पचत नाहीत; सतत जुलाब होतात, अंगावर सूज येते, वजन वाढत नाही. सक्रिय विकरे औषध म्हणून दिली की बाळ सुधारते.

येथे एक अडचण उभी राहते. ट्रिप्सिन प्रथिनांच्या साखळ्या लायसिन किंवा आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर तोडते आणि ट्रिप्सिनोजेनचे शेपूटही लायसिनपाशीच संपते. म्हणजे ट्रिप्सिनचा एखादा रेणू चुकून पेशीत सक्रिय झाला, तर तो शेजारच्या ट्रिप्सिनोजेनचे शेपूट तोडील, तो त्याच्या शेजाऱ्याचे, आणि साखळी सुरू होईल. यावरचा बंदोबस्त त्या शेपटातच आहे. लायसिनच्या अगोदर ओळीने चार ॲस्पार्टिक आम्ले असतात आणि चौघांवरही ऋण विद्युतभार असतो. ट्रिप्सिनला असा दाट ऋणभार शेजारी असलेली जागा मानवत नाही, त्यामुळे तिथे ते फार मंद गतीने काम करते. एन्टेरोकायनेजच्या खाचेत मात्र धनभारित अमिनो आम्ले आहेत. त्याला नेमका हाच ऋणभार हवा असतो. एकाच चार घटकांच्या पट्टीने एका विकराला अडवले आहे आणि दुसऱ्याला आमंत्रण दिले आहे.

आतड्यात पोहोचल्यावर सक्रिय झालेले ट्रिप्सिन कायमोट्रिप्सिनोजेन, प्रोइलास्टेज, प्रोकार्बोक्सिपेप्टिडेज आणि पेशीपटल फोडणाऱ्या फॉस्फोलायपेज-ए२ चे निष्क्रिय रूप, या सगळ्यांना जागे करते. अमायलेज आणि मेद पचवणारे लायपेज यांना मात्र अशा शेपटाची गरज पडलेली नाही. पेशी पिष्टमय पदार्थांची बनलेली नाही आणि तिचे पटल ज्या प्रकारच्या मेदाचे असते तो लायपेजचे मुख्य भक्ष्य नव्हे. सगळ्या घातक विकरांचे मूळ असे ट्रिप्सिनपाशी आहे, म्हणून त्याच्यावर पहारेही अधिक आहेत. विकरे पेशीत मोकळी फिरत नाहीत, पटलाने वेढलेल्या कणांत बंद असतात. त्याच कणांत स्पिंक-१ नावाचे ५६ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन भरलेले असते. अवेळी सक्रिय झालेल्या ट्रिप्सिनच्या खाचेत ते जाऊन बसते आणि एकूण ट्रिप्सिनच्या सुमारे एक-पंचमांश भागाला ते आवरू शकते, असे मानले जाते. याखेरीज ट्रिप्सिनच्या साखळीत १२२ व्या स्थानी एक आर्जिनिन आहे. तिथे तोडले गेले की ट्रिप्सिनचाच नाश होतो.

हे पहारे खरोखर कामाचे आहेत याचा पुरावा ते ज्यांच्यात बिघडलेले असतात त्या माणसांकडून मिळाला. काही कुटुंबांत लहान वयापासून स्वादुपिंडदाहाचे झटके पिढ्यान्‌पिढ्या येतात. १९९६ साली डेव्हिड व्हिटकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अशा कुटुंबांत १२२ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलेले असते. एका अमिनो आम्लाच्या फरकाने ट्रिप्सिनला संपवण्याची जागा नाहीशी होते. भारतातली कथा थोडी वेगळी आहे. केरळमध्ये मद्याला स्पर्शही न केलेल्या तरुणांच्या स्वादुपिंडात खडे तयार होऊन पुढे मधुमेह होतो, हे डॉ. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात तपशिलाने नोंदवले आणि बराच काळ टॅपिओकाच्या कंदावर संशय घेतला गेला. २००२ साली हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेतील चांडक आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे जनुक तपासले, तेव्हा ट्रिप्सिनोजेनच्या जनुकाऐवजी स्पिंक-१ च्या जनुकातला बदल त्यांच्यात लक्षणीय प्रमाणात आढळला. हा बदल थोड्या निरोगी लोकांतही असतो, त्यामुळे तो एकटाच दोषी नाही. पहारा दुबळा करणारे ते एक कारण आहे.

आता त्या बारीक खड्याकडे येऊ. मोठा खडा पित्ताशयाच्या अरुंद मानेतून सहसा पुढे जात नाही. बारीक खडा जातो, पित्तनलिकेतून खाली येतो आणि ओड्डीच्या कड्यापाशी अडकतो. दोन्ही ग्रंथींचे दार एकच असल्यामुळे स्वादुपिंडाचा रसही तुंबतो. नलिकांतला दाब वाढतो, पुंजक्यांतल्या पेशींना इजा होते, विकरांचे कण आणि पेशीतील कचरा विघटित करणाऱ्या पिशव्या एकत्र मिसळतात आणि त्या पिशव्यांतले कॅथेप्सिन-बी हे विकर ट्रिप्सिनोजेनचे शेपूट तोडते. किल्ली घरातच बनते. मग एकामागून एक विकरे जागी होतात आणि अवयव स्वतःला पचवू लागतो. हान्स कियारी यांनी प्राग येथे १८९६ साली ही आत्मपचनाची कल्पना मांडली होती. पोटाच्या वरच्या भागातून पाठीपर्यंत जाणारी, पुढे वाकल्यावर किंचित हलकी होणारी असह्य वेदना हे त्याचे लक्षण. रक्तात लायपेज आणि अमायलेज यांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, कारण आतड्याकडे जाणारी विकरे रक्तात झिरपू लागतात. जगभरात या तीव्र दाहाची दोन मोठी कारणे म्हणजे पित्तखडे आणि मद्य.

त्याच दाराशी अडकलेल्या खड्यामुळे पित्तरसही तुंबतो आणि कावीळ होते. आपल्याकडे कावीळ ‘उतरवणारे’ अजूनही आहेत. रुग्णाच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते, आणि ‘कावीळ निघाली’ असे सांगितले जाते. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुतले तरी पाणी तितकेच पिवळे होते. विषाणूंमुळे झालेली कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून या मंडळींना यश मिळाल्यासारखे दिसते. खडा किंवा स्वादुपिंडाच्या शीर्षातील गाठ यांमुळे झालेली कावीळ अशी ओसरत नाही, आणि तिथे वाया गेलेले आठवडे परत मिळवता येत नाहीत. बिलिरुबिनची रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी या दोन्ही सोयी आता तालुक्याच्या ठिकाणीही बहुधा मिळतात.

स्वादुपिंडदाहावर ट्रिप्सिनला अडवणारे औषध देऊन पाहण्याचे प्रयत्न झाले. निर्णायक फायदा दिसला नाही, कारण रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत विकरांची साखळी पुढे निघून गेलेली असते आणि सूज हाच मुख्य शत्रू झालेला असतो. त्यामुळे उपचारांचा भर शिरेवाटे द्रव देणे, वेदना कमी करणे आणि शक्य तितक्या लवकर अन्न सुरू करणे यांवर असतो. खडा अडकूनच राहिला आणि पित्तनलिकेत संसर्ग झाला, तर तोंडावाटे दुर्बीण घालून ओड्डीच्या कड्याला छेद देतात आणि खडा काढतात. आणि दाह सौम्य असेल तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला शल्यचिकित्सक देतात, कारण ते तसेच ठेवून रुग्णाला घरी पाठवले तर पुढच्या काही आठवड्यांतच दुसरा बारीक खडा त्याच दारापर्यंत येण्याची शक्यता मोठी असते.