हरभऱ्याएवढी हवा आणि अडून बसलेला ट्रॅक्टर

मागच्या डिसेंबरात मामांचा जुना तीन सिलेंडरचा ट्रॅक्टर रोटर मारता मारता रानातच बंद पडला. डिझेल संपलं होतं, बाकी काही नाही. कॅन आणून टाकीत ओतला तरी चालू होईना, मग सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून बघितला, आणि संध्याकाळी कोणीतरी नजर लागली म्हणून पुढे लिंबू-मिरची बांधून गेलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण आत काय झालंय ते शाळेतल्या विज्ञानावर कळण्यासारखं आहे.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. मग पेटतं कशानं, तर दाबलेल्या हवेनं. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून तापतो ना, तेच. रुडॉल्फ डिझेलने १८९३ मध्ये पेटंट मिळवलं आणि १८९७ ला जर्मनीत आउग्सबुर्गला नीट चालणारं इंजिन तयार झालं, ते याच गोष्टीवर. पिस्टन हवा साधारण १७ पट कमी जागेत कोंबतो, त्यामुळे २७ अंशांची हवा कागदावरच्या हिशोबाने ६५० अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात बरीच कमी तापते, कारण पिस्टनच्या घासलेल्या रिंगांमधून ती निसटते आणि थंड सिलेंडर उष्णता पिऊन घेतो, आणि बॅटरी उतरलेली असली की इंजिन हळू फिरतं म्हणजे निसटायला अजून वेळ मिळतो. तरी डिझेलला आपोआप पेटायला २००-२५० अंश पुरतात, म्हणून बहुतेक वेळा काम होतं.

पण जी हवा सिलेंडरमध्ये दाबली जाते म्हणून इंजिन चालतं, तीच हवा टाकी रिकामी झाल्यावर डिझेलच्या लाइनमध्ये शिरली की दाबली जाते म्हणूनच इंजिन अडतं!

सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी म्हणजे नोझल, ती उघडायला जुन्या ट्रॅक्टरमध्ये वातावरणाच्या साधारण २०० पट दाब लागतो. नोझलला डिझेल देणारा मोठा पंप एका वेळी ढकलतो किती, तर ४०-५० घन मिलिमीटर, म्हणजे एक थेंब. डिझेल जवळजवळ दबतच नाही, २०० पट दाबालाही दीडेक टक्काच आकसतं, त्यामुळे इकडे थेंब ढकलला की तिकडे दाब लगेच चढतो. आता मध्ये हरभऱ्याएवढी हवा धरा, २०० घन मिलिमीटर. पंपाने ४० ढकलले तर ती १६० मध्ये मावते आणि दाब वाढतो फक्त सव्वापट. पाहिजे २०० पट, मिळाला सव्वापट, नोझलची सुई हलणार कशी? ती हवा स्प्रिंगसारखी दबते आणि परत फुगते. खूप सेल्फ मारला तर थोडी थोडी पुढे सरकतेही, पण त्याआधी बॅटरी बसते.

म्हणून आधी सायलेन्सरकडे बघायचं. सेल्फ मारताना धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही (इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना तेही बघा, हे खूप वेळा होतं). पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही, तिथे थंडी किंवा कमी कंप्रेशन. अशा वेळी ईथरचा स्प्रे मारतात, तो वेळेआधीच भडकतो आणि रिंगा, पिस्टन फोडू शकतो.

मामांच्याकडे धूर नव्हता. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला केला, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाची दांडी हाताने मारत राहिलो, आधी साबणासारखा फेस आला, मग फुरफुर, मग सलग स्वच्छ धार, तेव्हा स्क्रू आवळला. मग तसंच मोठ्या पंपावर. मग नोझलकडचे तिन्ही नट दोन आटे सैल करून सेल्फ, डिझेल उडायला लागलं की आवळले. चालू इंजिनच्या नोझलच्या धारेपुढे बोट कधीच धरू नका, ती कातडीत घुसते. बॅटरी चार्ज करून आणलेली होती, तिसऱ्या सेल्फला लागला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच! टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं, त्यामुळे तिथे फट असली तर चालताना डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं. मामांनी पाइपाच्या जोडाचा तांब्याचा वॉशर काढून दाखवला, मधोमध केसाएवढी चीर होती.