सहा घरांची साक्ष

निवडणूक जाहीर झाली की ग्वाल्हेरची पोलिस ठाणी आणि परवानाधारक शस्त्रविक्रेते यांच्याकडे बंदुकांची रीघ लागते. आचारसंहितेच्या काळात परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, आणि चंबळच्या या पट्ट्यात ती कमी नाहीत. शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या एखाद्या जुन्या मराठी घरातही आजोबांच्या वेळचं रिव्हॉल्व्हर निघतं. मतमोजणीनंतर ते परत आलं की तक्रारी सुरू होतात: चाप जड झालाय, पहिल्या ठोक्याला काडतूस उडत नाही, गोळी झाडली की बाजूनं काहीतरी उडतं. खापर ठाण्यातल्या मुक्कामावर फुटतं. बऱ्याचदा दोष त्याआधीच मुरलेला असतो.

सॅम्युअल कोल्टनं १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं तेव्हापासून रिव्हॉल्व्हरची मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. कानपूरच्या आयुध कारखान्यातलं, नागरिकांना परवान्यावर मिळणारं .३२ रिव्हॉल्व्हरही ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या घडणीवरच बेतलेलं आहे. नळी एकच, तिच्या मागे सहा घरांचं, म्हणजे काडतुसांच्या सहा कप्प्यांचं, फिरतं सिलिंडर. घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा भाग, मागे ओढला की आतली एक बारीक पोलादी पट्टी वर सरकते आणि सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्याला ढकलते. या पट्टीला कारागीर ‘हँड’ म्हणतात. सिलिंडर ६० अंश फिरतं, पुढचं घर नळीसमोर येतं आणि नेमक्या त्याच क्षणी ‘स्टॉप’ नावाचा दुसरा तुकडा खाचेत बसून सिलिंडर जखडतो. सगळा खेळ या जुळणीचा.

आता जरा हिशेब करू. हँड ज्या दात्याला ढकलतो तो सिलिंडरच्या मध्यापासून ४ मिलिमीटरवर आहे आणि घरांचे मध्य १२ मिलिमीटरवर आहेत, असं धरू. वर्षानुवर्षांच्या घासण्यानं हँडचं टोक अवघं ०.१ मिलिमीटर झिजलं, तर घर नळीपासून ०.३ मिलिमीटर बाजूला राहतं. झीज केसाएवढी, चूक तिप्पट. गोळी नळीत शिरताना एका कडेला घासते, शिशाची किरच सिलिंडर आणि नळी यांमधल्या फटीतून उडते आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या हाताला लागते. नळीचं तोंड आत निमुळतं कापलेलं असतं, त्यामुळे थोडीफार चूक सांभाळली जाते; पण थोडीच. म्हणजे तक्रार नळीजवळ दिसते आणि दुखणं मागे, चापाच्या वर असतं.

ते शोधायची रीत मला फार आवडते, कारण रिव्हॉल्व्हर स्वतःच एक प्रयोग सहा वेळा करून दाखवतं. हत्यार रिकामं आहे याची दोनदा खात्री केल्यावर जाणकार कारागीर प्रत्येक घरावर खूण करतो. मग सिलिंडरवर बोट हलकं टेकवून, किंचित अडवत, घोडा अगदी सावकाश मागे ओढतो. घोडा शेवटपर्यंत आला तरी स्टॉप खाचेत बसला नाही, तर ते घर ‘मागे राहतं’. सहाही घरं मागे राहिली तर संशय सगळ्यांना समाईक असलेल्या भागावर: हँड, त्याची स्प्रिंग किंवा तो ज्या खिळीवर हलतो ती खिळ. एकच घर मागे राहिलं तर त्या घराचा दाता किंवा खाच. प्रत्येक फेरीत सिलिंडर एकाच जागी जड होत असेल, तर गोष्ट निराळीच: आस वाकलेला असेल, नाहीतर रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली दारूचा न जळलेला कण अडकला असेल. हा कण ब्रशनं झटकला की काम संपतं, आणि असा ग्राहक मोठ्या दुरुस्तीची तयारी करून आलेला असतो.

मात्र हे तर्कशास्त्र थोडं फसवंही आहे. सहा दाते कारखान्यातही हुबेहूब सारखे कापले जात नाहीत. शतांश मिलिमीटरचा फरक राहतोच. म्हणून हँड झिजू लागला की आधी सर्वांत आखूड दात्याचं घर मागे राहतं, मग दुसरं, मग तिसरं. एकाच घरातला दोष हा समाईक दोषाची सुरुवातही असू शकतो.

काडतूस न उडण्याची कथा वेगळी. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीतलं रसायन पेटायला ठोका जोरात आणि झटक्यात बसावा लागतो. सिलिंडर पुढेमागे हलत असेल तर ठोक्याचा काही जोर काडतूस पुढे ढकलण्यातच जातो. सिलिंडर आणि नळी यांमधली फट साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असावी. फीलर गेज, म्हणजे मोजक्या जाडीची पातळ पट्टी, घातला की ती लगेच कळते. पण आपल्याकडे खरा गुन्हेगार पुष्कळदा तेल असतं. मोहरीच्या तेलातली असंतृप्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जाऊन काही महिन्यांत चिकट थर होतो. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत रात्रीचा पारा एक आकडी होतो. घोडा त्या चिखलातून वाट काढत येतो. घोड्याला जोर देणारी मेनस्प्रिंग दाबून ठेवल्यानं मरते असाही एक समज आहे. पाणी नीट दिलेली स्प्रिंग तिच्या लवचिकतेच्या मर्यादेत असेल तर वर्षानुवर्षं तग धरते. तिला मारतो तो गंज. गंजाच्या खळग्यातून तडा सुरू होतो आणि स्प्रिंग एके दिवशी मोडते.

दुरुस्तीचं मर्म धातूत आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बऱ्याच भागांना फक्त वरची कडक कातडी असते. मऊ पोलाद कोळशाच्या भुकटीत साधारण ९०० अंशांवर तापवलं की कार्बन पृष्ठभागात मुरतो आणि विझवल्यावर, म्हणजे एकदम थंड केल्यावर, तेवढा थर कठीण होतो, आतला गाभा चिवट राहतो. हा थर मिलिमीटरच्या काही दशांशांचा. कानस घेऊन ‘जरा गुळगुळीत’ करणारा माणूस तो थर घासून काढतो. काम चार दिवस सुरेख चालतं, मग मऊ गाभा पटापट झिजतो. स्प्रिंगचं उलट: कडक केल्यावर ती पुन्हा सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवावी लागते. पोलादावर तेव्हा येणारी निळी छटा रंगाची नसते, पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशलहरींची असते. थर्मामीटर नव्हता तेव्हा लोहार याच छटेवर तापमान ओळखत.

हे काम घरी करायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो, मग ते कितीही जुनं असो. (लग्नात हवेत गोळीबार करण्याच्या हौसेवर २०१९ च्या दुरुस्तीनं वेगळी शिक्षा ठेवली आहे, हे फार बरं झालं. वर गेलेली गोळी खाली येतेच.)

परवानाधारक कारागीर झिजलेला हँड ठोकून लांबवत बसत नाही. ती जुनी रीत ठोकलेली जागा पातळ आणि कमजोर करते. तो मुद्दाम लांब ठेवलेला नवा हँड घेतो. लांब हँड सगळ्यांत आखूड दात्यालाही पुरतो, पण लांब दात्याच्या घराशी स्टॉप बसून गेल्यावरही ढकलत राहतो आणि चाप अडतो. म्हणून कानशीचे दोन-चार हलके हात, पुन्हा जोडणी, पुन्हा सहाही घरं. आखूड दाता वेळेवर पोचतोय आणि लांब दाता अडत नाही अशी लांबी सापडेपर्यंत. कधी अशी लांबीच सापडत नाही. तेव्हा दाते वेल्डिंगनं भरून पुन्हा कापायचे, की रिव्हॉल्व्हर निकामी करून घेऊन परवान्यातून उतरवायचं, एवढाच प्रश्न उरतो. नळीच्या मुळाशी तडा दिसला तर तोही उरत नाही.