काळी इंगळी आणि लाल विंचू: भ्यायचं कुणाला, हटवायचं कुठून

पहिल्या पावसात अंगणात काळीकुट्ट इंगळी, म्हणजे मोठा काळा विंचू, निघाली की वाडीभर बोभाटा होतो. पोरं पायरीवर चढतात, कुणी चप्पल उगारतं, कुणी केरसुणी. त्याच घराच्या पडवीत सरपणाखाली दोन-अडीच इंचांचा मातकट विंचू दबा धरून बसलेला असतो, त्याचं मात्र कुणाला सोयरसुतक नसतं. कोकणात खरं भ्यायचं ते याला. हाच लाल विंचू.

नावं गावोगाव बदलतात, तेव्हा नावावर जाऊ नका. रंगावर तर मुळीच नको. लाल विंचू नारिंगी असतो, तांबूस असतो, कधी नुसताच मळकट तपकिरी, आणि पाय पिवळट. इंगळीची लहान पिल्लंही तपकिरीच दिसतात. बघायचे ते चिमटे आणि शेपूट. इंगळीचे चिमटे खेकड्याच्या डेंग्यांसारखे रुंद आणि फुगीर, शेपूट त्या मानाने किरकोळ. भक्ष्य ती चिमट्यांनीच चिरडते. लाल विंचवाचं उलटं आहे. चिमटे बारीक, निमुळते, शेपूट जाडजूड. त्याची सगळी भिस्त नांगीतल्या विषावर.

इंगळी चावली तर आग होते, सूज येते, काही तास ठणका लागतो आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथेच आटोपतं. लाल विंचवाच्या दंशाच्या जागी सूज फारशी दिसत नाही, आणि घरचे गाफील राहतात ते इथेच. थोड्या वेळाने दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार. पुरुष आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहतं. लाजून लपवू नका, डॉक्टरांना आधी तेच सांगा. पुढे हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं. लहान मुलं यात लवकर दगावतात. ही लक्षणं महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगडातल्या रुग्णांवर उपचार करता करता नोंदवली आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध या दंशावर चालतं, हे दाखवून दिलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता प्रतिविषही मिळतं. पण दोन्ही घ्यायचं ते दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली. उतरवणाऱ्याकडे नेण्यात, आवळपट्टी बांधण्यात किंवा ब्लेडने चिरण्यात जो वेळ जातो, तो भरून निघत नाही. विंचू नेमका कुठला होता याची खात्री नसेल तर लालच होता असं धरून निघा. पटकन जमलं तर मोबाइलवर फोटो घ्या, त्याला शोधत बसू नका.

आता घराचं. दोघांची बिऱ्हाडं वेगळी, म्हणून बंदोबस्तही वेगळा.

इंगळी मातीत बीळ करून राहते: बांधावर, झाडाच्या मुळाशी, गडग्याच्या पायथ्याला. बिळाचं तोंड बरेचदा अर्धचंद्रासारखं असतं. बिळात पाणी शिरलं की ती बाहेर पडते आणि कोरडी जागा शोधत उंबऱ्याशी येते. भिंत चढण्यात ती वाकबगार नाही. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली आणि पागोळ्यांचं पाणी चर काढून लांब नेलं की तिचा बराचसा प्रश्न मिटतो.

लाल विंचू एवढ्यावर ऐकत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांमधल्या फटी, उरलेल्या चिऱ्यांची रास, सरपण, शेणी, नारळाच्या सोडणांचा ढीग, साठलेला पातेरा हे त्याचं घर. खडबडीत भिंत तो सहज चढतो, म्हणून तर कौलांखाली, खुंटीवरच्या शर्टात आणि गुंडाळलेल्या गोधडीत सापडतो. सरपण पडवीत रचायची सवय आधी मोडा. घरापासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर रचा आणि लाकूड उचलण्याआधी काठीने ठोका. आतल्या भिंतींना गिलावा करा. ते जमत नसेल तर निदान फटी सिमेंटने बुजवा. काचेवर आणि गुळगुळीत टाइलवर विंचवाचे पाय ठरत नाहीत, त्यामुळे भिंतीच्या पायाशी लावलेली टाइलची पट्टी नुसती शोभेची नसते. खाट भिंतीपासून सुटी ठेवा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चपला-बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका.

फवारणीवर माझा फारसा विश्वास नाही. विंचू दिवसभर फटीत खोल असतो, तिथवर औषध पोचतच नाही. झुरळं कमी केलीत तर जास्त फरक पडतो, कारण तो येतो तो त्यांच्याच मागावर. कोंबड्या विंचू टिपतात, पण त्या सांजेला खुराड्यात जातात आणि विंचू बाहेर पडतो अंधारात.

अंधारात शोधायला अतिनील प्रकाशाची विजेरी घ्या. त्या उजेडात इंगळी काय, लाल विंचू काय, दोघेही हिरवट चमकतात. नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही. मादीच्या पाठीवर पिल्लं असतील तर चपलेचा फटका मारू नका, ती चौफेर पांगतात. रुंद तोंडाची काचेची बरणी उपडी घाला आणि खालून जाड पुठ्ठा सरकवा. विंचू निसटून फटीत शिरलाच, तर फटीशी खडूने खूण करा. दिवसा तो खोल दडलेला असतो, म्हणून पुढल्या रात्री बाहेर आला की लांब चिमट्याने पकडा आणि मगच सिमेंट भरा.