वणवा चढाला का धावतो?

मार्चमधल्या एखाद्या रात्री सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावातून डोंगराकडे पाहिले, तर काळोखात एक नारिंगी रेषा वर सरकताना दिसते आणि अंगणातले कोणीतरी हमखास म्हणते, “वणवा वर चालला, आता आपल्याला भय नाही.” निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र अर्धवट आहे.

गवत किंवा लाकूड थेट पेट घेत नाही. आधी त्यातल्या पाण्याची वाफ व्हावी लागते, आणि उकळत्या पाण्याच्या दर किलोमागे त्यासाठी सुमारे 2260 किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. पुढे तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की सेल्युलोजचे, म्हणजे गवत-लाकडाच्या मुख्य घटकाचे, विघटन होऊन ज्वलनशील वायू सुटतात. आपल्याला दिसणारी ज्वाला ही त्या वायूंची असते. म्हणूनच वणव्याचा वेग पुढचे गवत किती लवकर तापते यावर ठरतो. सपाटीवर ज्वाला सरळ उभी राहते आणि तिची बरीच उष्णता आकाशात जाते. चढावर पुढची जमीनच ज्वालेच्या जवळ आलेली असते, शिवाय तापलेली हवा उताराला धरून वर वाहते, त्यामुळे आग पोहोचण्यापूर्वीच तिथले गवत वाळून तयार झालेले असते. उतार फार तीव्र असेल, तर हवा मुख्यतः खालच्या बाजूने ओढली जाऊन ज्वाला जमिनीला चिकटते. अरुंद घळीत तर चुलीच्या धुराड्यासारखी हवेची वरच्या दिशेने ओढ निर्माण होते.

ढोबळ नियम असा की उतार 10 अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. त्याच चढावर माणसाचा वेग मात्र मंदावतो. तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 रोजी वणव्यात सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला.

बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, ही गोष्ट आपण आवडीने सांगतो. प्रत्यक्षात आपल्याकडचे बहुतेक वणवे माणूसच लावतो. नवे गवत जोमाने यावे म्हणून किंवा मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून टाकलेली काडी त्यासाठी पुरते.

पायथ्याच्या गावाला खरा धोका गडगडत खाली येणाऱ्या जळक्या ओंडक्यांचा असतो. रात्री थंड झालेली हवा उतारावरून खाली वाहू लागते, तीही आगीला गावाकडे ढकलू शकते. शिवाय ओंडका पायथ्याच्या गवतात विसावला, की तिथून नवी आग पुन्हा चढाला लागते.