एएफसी प्रेसिडेंट्स कप

एएफसी प्रेसिडेंट्स कप : आशियाई फुटबॉल महासंघाने (एएफसी) २००५ ते २०१४ या काळात दरवर्षी भरवलेली क्लब फुटबॉल स्पर्धा. महासंघाच्या वर्गवारीत ‘उदयोन्मुख’ ठरलेल्या देशांचे राष्ट्रीय विजेते क्लब तीत खेळत. आशियाई क्लब फुटबॉलच्या तीन पायऱ्यांपैकी ही सर्वांत खालची; तिच्या वर एएफसी चषक आणि सर्वांत वर एएफसी चॅम्पियन्स लीग. एकूण दहा स्पर्धा झाल्या, त्यांपैकी आठ मध्य आशियाई क्लबांनी जिंकल्या.

स्पर्धेच्या उगमाची मांडणी दोन प्रकारे करता येते. महासंघाच्या बाजूने पाहिले, तर तिचे मूळ ‘व्हिजन एशिया’ या विकास कार्यक्रमात आहे. कतारचे मोहम्मद बिन हम्माम २००२ मध्ये महासंघाचे अध्यक्ष झाले आणि त्याच सुमारास या कार्यक्रमाची आखणी झाली. सदस्य देशांची प्रगत, विकसनशील आणि उदयोन्मुख अशी विभागणी करून प्रत्येक गटाला झेपेल अशी स्पर्धा द्यावी, हे त्याचे एक सूत्र होते. चॅम्पियन्स लीग प्रगतांसाठी, एएफसी चषक विकसनशीलांसाठी, तर प्रेसिडेंट्स कप उरलेल्यांसाठी. दुसरी मांडणी स्पर्धांच्या पुनर्रचनेपासून सुरू होते. २००२ पर्यंत आशियाई क्लब अजिंक्यपद आणि चषकविजेत्यांची स्पर्धा अशा दोन समांतर स्पर्धा चालत. लहान देशांचे क्लबही त्यांच्या प्राथमिक फेऱ्यांत उतरत, बहुधा लवकर हरत. पण दार उघडे होते. २००२-०३ मध्ये या स्पर्धा विलीन होऊन चॅम्पियन्स लीग निर्माण झाली. २००४ मध्ये एएफसी चषक सुरू होताच प्रवेश देशांच्या यादीनुसार बांधला गेला, आणि यादीबाहेरच्या देशांच्या विजेत्यांना खंडीय स्पर्धाच उरली नाही. २००५ चा प्रेसिडेंट्स कप ही पोकळी भरून काढण्यासाठी आला, असे या मांडणीचे म्हणणे. दोन्हींत तथ्य असले, तरी तारखांचा क्रम दुसरीला अधिक अनुकूल आहे : आधी दार बंद झाले, मग वर्षभराने बाजूची खिडकी उघडली.

‘उदयोन्मुख’ ही वर्गवारी खेळाच्या दर्जावर होती, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात साखळी स्पर्धा नियमित भरते का, क्लबांची नोंदणी व व्यवस्था कशी आहे, मैदाने आणि संघटनेचा कारभार कसा आहे, याला तीत बरेच वजन होते. तुर्कमेनिस्तानचे उदाहरण बोलके आहे. अश्गाबातचा निसा हा क्लब २००२-०३ च्या चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत उझबेकिस्तानचा पाख्ताकोर आणि इराणचा पर्सेपोलिस यांच्यासारख्या संघांबरोबर खेळला होता. २००४ मध्ये तुर्कमेन क्लब एएफसी चषकात आले, आणि २००८ मध्ये प्रेसिडेंट्स कपात. पाच वर्षांत दोन पायऱ्यांची ही घसरण केवळ खेळ खालावल्याने झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. एएफसी चषकात नेबित्ची या नावाने खेळलेला बाल्कानाबातचा क्लब पुढे बाल्कान या नावाने २०१३ चा प्रेसिडेंट्स कप जिंकून गेला. बांगलादेशही असाच वरून खाली आला. ढाक्याचे ब्रदर्स युनियन आणि मुक्तिजोद्धा संसद एएफसी चषकात खेळले होते, पण २००८ मध्ये ढाक्याचाच अबाहानी प्रेसिडेंट्स कपात दिसतो.

पहिल्या तीन वर्षांत आठच देशांना प्रवेश होता : भूतान, कंबोडिया, किर्गिझस्तान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, चिनी तैपेई (तैवान) आणि ताजिकिस्तान. आठही संघ एकाच यजमान शहरात जमत, चार-चारांच्या दोन गटांत साखळी सामने होत, मग उपांत्य व अंतिम सामना. विमानभाडे आणि मुक्काम यांचा विचार करता लहान क्लबांना परवडेल अशी हीच रचना होती. २००८ मध्ये बांगलादेश, म्यानमार आणि तुर्कमेनिस्तान यांची भर पडल्यावर तीन ठिकाणी पात्रता गट आणि नंतर वेगळी अंतिम फेरी अशी विभागणी झाली. २०११ पासून अंतिम फेरीत सहा संघ, तीन-तीनांचे दोन गट आणि गटविजेत्यांतच थेट अंतिम सामना अशी पद्धत आली. उत्तरार्धात पॅलेस्टाइन, मंगोलिया, फिलिपिन्स आणि उत्तर कोरिया यांचे क्लबही सहभागी झाले.

पहिली स्पर्धा २००५ मध्ये काठमांडूच्या दशरथ रंगशाळेत झाली. अंतिम सामन्यात ताजिकिस्तानच्या रेगार-तादाझ या क्लबाने किर्गिझस्तानच्या दोरदोई-दिनामोला ३–० असे हरवले. या दोन क्लबांची चुरस हाच स्पर्धेच्या पूर्वार्धाचा खरा इतिहास आहे. दोरदोई २००५ ते २०१० या सहाही वर्षी अंतिम सामन्यात पोहोचला. त्यातले दोनच त्याने जिंकले : २००६ मध्ये मलेशियातील कुचिंग येथे ताजिकिस्तानच्या वाख्शविरुद्ध जादा वेळेत २–१, आणि २००७ मध्ये लाहोर येथे नेपाळच्या महेंद्र पोलीस क्लबविरुद्ध २–१. २००८ मध्ये अंतिम फेरी बिश्केकला, म्हणजे दोरदोईच्या घरीच, आली. समोर पुन्हा रेगार-तादाझ. सामना १–१ असा सुटला आणि पेनल्टींवर ताजिक क्लब जिंकला. पुढच्या वर्षी यजमानपद तुर्सुनझोदा या रेगार-तादाझच्या गावाला मिळाले आणि दोरदोई तिथेही २–० ने हरला. २०१० मध्ये यांगूनला म्यानमारच्या यादानाबोनने जादा वेळेतल्या एकमेव गोलावर त्याला रोखले. सलग सहा अंतिम सामने खेळून चार गमावणारा दुसरा क्लब या स्पर्धेत नाही. तीन विजेतेपदांमुळे यशात मात्र रेगार-तादाझ पहिला.

२००९ ते २०१२ ही चार वर्षे विजेता यजमान देशाचाच होता. तुर्सुनझोदा आणि यांगूननंतर २०११ मध्ये तैवानच्या काओशुंग शहरात ताइपॉवरने कंबोडियाच्या नोम पेन्ह क्राउनला ३–२ असे, आणि २०१२ मध्ये ताजिकिस्तानच्या दुशान्बे येथे तिथल्याच इस्तिक्लोलने पॅलेस्टाइनच्या मरकझ शबाब अल-अमारीला २–१ असे हरवले. शेवटच्या दोन अंतिम फेऱ्या मात्र विजेत्यांच्या देशाबाहेर झाल्या. २०१३ मध्ये मलेशियात बाल्कानने पाकिस्तानच्या केआरएलला १–० ने, तर २०१४ मध्ये कोलंबोत अश्गाबातच्या एचटीटीयूने उत्तर कोरियाच्या रिम्योंगसूला २–१ ने हरवले. यजमानपदाचा लाभ कोणत्याही स्पर्धेत असतोच. पण अंतिम फेरीचे मोजके सामने आठवडाभरात एकाच मैदानावर उरकले जात असतील, तर तो अधिक जड पडतो.

मध्य आशियाच्या वर्चस्वाचे कारण बहुतेक जण सोव्हिएत काळात शोधतात, आणि ते पटण्याजोगे आहे. दुशान्बेचा पामीर हा क्लब १९८९ ते १९९१ या काळात सोव्हिएत संघाच्या सर्वोच्च साखळीत खेळला होता. क्रीडा प्रशाळा, प्रशिक्षकांची परंपरा आणि व्यावसायिक खेळाची सवय ही शिदोरी १९९१ नंतरच्या पडझडीतही पूर्ण संपली नाही. उझबेकिस्तान त्या बळावर वरच्या पायरीवर राहिला आणि कझाकस्तान २००२ मध्ये युरोपीय महासंघात गेला. मागे राहिलेले तिघे, म्हणजे ताजिकिस्तान (४ विजेतेपदे), किर्गिझस्तान (२) आणि तुर्कमेनिस्तान (२), भूतान वा श्रीलंकेच्या हौशी क्लबांसमोर उभे ठाकले. या स्पर्धेचा तोल पहिल्या दिवसापासूनच एका बाजूला कललेला होता. दक्षिण आशियात तीन अंतिम फेऱ्या झाल्या, विजेता एकही निघाला नाही. महेंद्र पोलीस आणि केआरएल हे दोन उपविजेते, एवढीच त्या प्रदेशाची कमाई.

सहभागी क्लबांची नावे वाचली, तर स्पर्धेचे सामाजिक रूप उलगडते. रेगार-तादाझमधील ‘तादाझ’ म्हणजे ताजिक ॲल्युमिनियम कारखाना. तुर्सुनझोदा हे गाव त्याच कारखान्यावर उभे आहे. दोरदोई हे बिश्केकबाहेरच्या प्रचंड बाजाराचे नाव. जहाजी कंटेनर एकावर एक रचून तिथली दुकाने केली आहेत : खालच्यात विक्री, वरच्यात गोदाम. चिनी कापडापासून मोबाइलपर्यंत सगळा माल तिथून मध्य आशियाभर जातो, आणि क्लबामागे त्याच व्यापारी समूहाचा पैसा होता. ताइपॉवर हा तैवानच्या सरकारी वीज कंपनीचा संघ, तातुंग विद्युत उपकरणांच्या कंपनीचा. पाकिस्तानकडून जल व वीज प्राधिकरणाचा वापडा, लष्कराचा संघ आणि अणुसंशोधनाशी संबंधित खान रिसर्च लॅबोरेटरीजचा केआरएल असे तिघे वेगवेगळ्या वर्षी खेळले. नेपाळच्या पोलिसांचा क्लब, अश्गाबातच्या तुर्कमेन-तुर्क विद्यापीठाचा एचटीटीयू आणि रामल्लाजवळच्या निर्वासित छावणीतून उभा राहिलेला अल-अमारी हेही याच मालिकेतले. तिकीटविक्री वा प्रक्षेपणाच्या पैशावर जगणारे क्लब इथे अपवादानेच. मुंबईच्या महिंद्र युनायटेड व एअर इंडियाचे किंवा गोव्याच्या धेंपो व साळगावकरचे सामने पाहिलेल्या वाचकाला ही कंपनी-संघांची दुनिया अनोळखी वाटणार नाही.

भारतीय क्लब मात्र या स्पर्धेत कधीच खेळले नाहीत. भारत मधल्या पायरीवर, म्हणजे एएफसी चषकात, २००४ पासूनच होता. त्या वर्षी महिंद्र युनायटेड आणि ईस्ट बंगाल खेळले, तर २००८ मध्ये धेंपोने उपांत्य फेरी गाठली. राष्ट्रीय संघांच्या बाबतीत चित्र उलटे होते. उदयोन्मुख देशांच्या राष्ट्रीय संघांसाठी २००६ ते २०१४ या काळात एएफसी चॅलेंज चषक होत असे आणि त्यात भारत खेळत होता. २००८ ची ही स्पर्धा हैदराबादला सुरू झाली. पावसाने मैदाने खराब झाल्याने ती दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर हलवावी लागली. तिथे सुनील छेत्रीच्या तीन गोलांच्या जोरावर भारताने ताजिकिस्तानला ४–१ असे हरवले. म्हणजे एकाच वेळी भारताचे क्लब ‘विकसनशील’ आणि राष्ट्रीय संघ ‘उदयोन्मुख’ होता. वर्गवारी देशाच्या फुटबॉलची की त्याच्या कागदपत्रांची, हा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.

चॅलेंज चषक जिंकणाऱ्याला आशिया चषकाचे थेट तिकीट मिळे; भारत २०११ च्या कतारमधील आशिया चषकात त्याच वाटेने पोहोचला. प्रेसिडेंट्स कपाच्या विजेत्याला असे काही मिळत असल्याचे दिसत नाही. २००६ चा विजेता दोरदोई २००७ मध्ये आणि २००८ चा विजेता रेगार-तादाझ २००९ मध्ये पुन्हा याच स्पर्धेत होता. बढती क्लबाला नव्हे, देशाला मिळे, आणि ती महासंघाच्या निर्णयाने. म्यानमारचे क्लब २०१२ मध्ये, तर ताजिक क्लब २०१३ मध्ये एएफसी चषकात गेले. जिंकणारे देश वर सरकल्याने मागे उरलेल्या स्पर्धेचे आकर्षण कमी होत गेले असावे. प्रेक्षकसंख्या, बक्षिसाची रक्कम वा प्रक्षेपण यांविषयी विशेष सांगण्याजोगे नाही. या स्पर्धेची दखल यजमान शहराबाहेर फारशी घेतली जात नसे.

२०१४ च्या स्पर्धेनंतर ती बंद झाली. २०१५ पासून उदयोन्मुख देशांच्या विजेत्यांना एएफसी चषकात, गरजेप्रमाणे प्राथमिक फेरीतून, प्रवेश मिळू लागला. वर्गवारीवर याहून स्पष्ट भाष्य दुसरे नाही : २०१५ ते २०१८ या चार वर्षांतच एके काळी उदयोन्मुख ठरवलेल्या देशांचे क्लब तीनदा एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचले. इस्तिक्लोल २०१५ मध्ये मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिमकडून आणि २०१७ मध्ये इराकच्या अल-कुव्वा अल-जविय्याकडून, दोन्ही वेळा १–० ने हरला. २०१८ मध्ये तुर्कमेनिस्तानचा अल्तिन असिर बंगळुरू एफसीला दोन्ही सामन्यांत नमवून अंतिम फेरीत गेला. दक्षिण आशियाई क्लबांना या बदलाचा तेवढा लाभ झाला नाही.

२०२४-२५ मध्ये महासंघाने स्पर्धांची पुन्हा त्रिस्तरीय रचना केली आणि तिसऱ्या पायरीवर एएफसी चॅलेंज लीग आणली. हे प्रेसिडेंट्स कपाचेच पुनरुज्जीवन आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण दोन्हींची नोंद स्वतंत्र ठेवणे योग्य. नव्या रचनेत देश यादीने बांधलेले नाहीत. वरच्या स्पर्धेच्या पात्रता सामन्यात हरलेला क्लब खाली येतो. ईस्ट बंगाल याच मार्गाने आला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात अल्तिन असिरकडून ३–२ ने हरल्यावर तो चॅलेंज लीगमध्ये दाखल झाला, थिंफू येथे भूतानचा पारो, बांगलादेशचा बशुंधरा किंग्ज आणि लेबनॉनचा नेजमेह यांच्या गटात पहिला आला, आणि उपांत्यपूर्व फेरीत २०२३ मध्ये स्थापन झालेल्या तुर्कमेनिस्तानच्या अर्कादागकडून दोन्ही सामने हरला. अर्कादागने पुढे कंबोडियाच्या स्वाय रिएंगला २–१ ने हरवून पहिली चॅलेंज लीग जिंकली.